बिनखुर्चीच्या पुढाऱ्याचा दिवस

मार्च १८६७. पेश्त शहर. बुदा आणि पेश्त अजून दोन वेगळी शहरं आहेत. ती एक व्हायला सहा वर्षं जायची आहेत. हंगेरीच्या प्रतिनिधिगृहात ऑस्ट्रियाशी करायच्या तडजोडीवर वादळी चर्चा चालू आहे. तिच्या मध्यभागी त्रेसष्ट वर्षांचे, अंगाने जाडजूड, जाड भुवयांचे एक गृहस्थ आहेत : फेरेंत्स देआक. पेशाने वकील. १८३३ मध्ये झॉलॉ जिल्ह्याचे प्रतिनिधी म्हणून ते पहिल्यांदा संसदेत गेले, आणि शेवटचं भाषण करतील १८७३ मध्ये. चाळीस वर्षांच्या या कारकिर्दीत मंत्रिपद त्यांच्याकडे होतं ते जेमतेम सहा महिने, १८४८ मध्ये.

हा दिवस कुठल्याही एका तारखेचा नाही. सोबत्यांनी लिहून ठेवलेल्या सवयी, सभागृहातल्या नोंदी आणि त्या वसंतातला कामाचा रेटा यांवरून तो जुळवला आहे. घड्याळाचे काटे ठोकळ मानावेत.

सकाळी सहा

‘ॲंगोल किराय्नो’ म्हणजे ‘इंग्लंडची राणी’ या नावाचं हॉटेल डॅन्यूबच्या काठाजवळ आहे. नदीवर १८४९ मध्ये खुला झालेला साखळी पूल, पलीकडे टेकडीवर बुदाचा किल्ला. हॉटेलात प्रवासी येतात आणि जातात. देआक मात्र १८५४ पासून इथेच मुक्कामाला आहेत. नोकरचाकर, दिवाणखाना, पहारा यातलं काही नाही. खोलीत पुस्तकं, कागद आणि सिगारचा धूर. दिवसाची पहिली सिगार लवकरच पेटते आणि मग ती विझायचं नाव घेत नाही.

देशातला सर्वांत वजनदार माणूस हॉटेलात का राहतो, याचं उत्तर त्यांच्या वकिली हिशेबात आहे. केहिदा गावची वडिलोपार्जित जमीन त्यांनी १८५४ मध्ये इश्तवान सेचेनींच्या घराण्याला विकली. एकरकमी पैसा घेतला नाही. मरेपर्यंत दरवर्षी ठरावीक रक्कम मिळावी, असा करार केला. लग्न केलेलं नाही, मूलबाळ नाही. खर्च थोडा, मिळकत ठरलेली. त्यामुळे सरकारकडून काही मागावं लागत नाही, आणि ज्याला मागायचं नसतं त्याला धमकावणंही अवघड जातं.

आईचं सुख त्यांना मिळालंच नाही. १७ ऑक्टोबर १८०३ रोजी शोय्तोर गावी ते जन्मले आणि थोड्याच दिवसांत आई गेली. पाचव्या वर्षी वडील गेले. थोरले भाऊ ऑन्तॉल आणि बहीण क्लारा यांनी वाढवलं. कायद्याचं शिक्षण ग्योर इथे झालं, १८२३ मध्ये वकिलीची सनद मिळाली. मग जिल्हा कचेरीत लेखनिकी, अनाथांच्या मिळकतींची देखरेख करणाऱ्या समितीचं काम, सरकारी वकिलाचा साहाय्यक अशी चाकोरीतली उमेदवारी. जिल्ह्याचे संसदेतले प्रतिनिधी होते ऑन्तॉल. प्रकृतीच्या कारणाने त्यांनी जागा सोडली आणि तिथे धाकट्या भावाला पाठवलं.

सकाळी आठ

दार वाजायला लागतं. खरं तर ते फारसं बंद नसतंच. प्रतिनिधी, संपादक, जिल्ह्यांतले कारकून, गावोगावचे अर्जदार, नुसतं एकदा तोंड बघून जायला आलेले तरुण. महिन्यापूर्वी, १७ फेब्रुवारीला, ग्युला आन्द्राशी पंतप्रधान झाले आणि हंगेरीला अठरा वर्षांनी स्वतःचं मंत्रिमंडळ मिळालं. नेमणुकांचा हंगाम सुरू झाल्यावर शिफारशींची रीघ लागणारच. बायका-पोरांत, पक्षात आणि विरोधकांतही देआकांना ‘म्हातारेबुवा’ म्हणूनच ओळखतात. ‘म्हातारेबुवांच्या कानावर घाला,’ हा त्या दिवसांतला हुकमी सल्ला.

त्यांच्याकडे सही करायला हुकूमनामा नाही. ते ऐकून घेतात, प्रश्न विचारतात, आणि कायद्यात काय बसतं नि काय बसत नाही ते सांगतात. मोठ्या वकिलाकडे सकाळी अशील बसलेले असावेत, तसाच सगळा थाट. फरक एवढाच की इथे फी नाही.

नको असलेल्या प्रश्नाला ते किस्सा सांगतात. किस्से सांगण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, यावर त्यांच्या सगळ्या चरित्रकारांचं एकमत आहे. सर्वांत गाजलेला किस्सा सदऱ्याच्या गुंड्यांचा. व्हिएन्नाशी बिनसलेलं कसं सुधारायचं, असं कोणीतरी विचारलं. देआक म्हणाले, असं सांगतात, की पहिली गुंडी चुकीच्या काजात गेली असेल तर सगळ्या काढून पुन्हा पहिल्यापासून लावाव्या लागतात. मधलीच एखादी ओढूनताणून काही साधत नाही. पहिली गुंडी म्हणजे हंगेरीला स्वतःचं मंत्रिमंडळ देणारे १८४८ चे कायदे. राजाने मंजूर केलेले, नंतर बंदुकीच्या जोरावर बाजूला सारलेले. आधी ते मान्य करा, मग त्यांत काय बदलायचं ते बोलू. दहा पानी निवेदनात मावणार नाही ते गुंडीत मावलं, आणि दुसऱ्या दिवशी गावभर झालं.

याच खोलीतून आणखी एक काम निघालं होतं, राजकारणाबाहेरचं. १८५५ मध्ये कवी मिहाय व्होरोशमार्ती वारले. मागे बायको आणि तीन लहान मुलं, गाठीला काही नाही. देआकांनी मुलांचं पालकत्व घेतलं आणि ओळखीच्या माणसांना पत्रं लिहायला बसले. व्हिएन्नाच्या पोलिसांची नजर जाहीर वर्गणीवर असते. खाजगी पत्रांना कोण अडवणार? एक लाख फोरिंटांच्या वर रक्कम जमली. त्या मुलांतली मोठी मुलगी इलोना हिचं लग्न याच वर्षी काल्मान सेल या तरुण वकिलाशी होणार आहे. पुढे उन्हाळे आले की देआक सेल कुटुंबाकडे रातोत गावी जाऊन राहायचे. घरचं म्हणावं असं त्यांना तेच घर उरलं. जावई पुढे हंगेरीचा पंतप्रधान झाला, पण ते पाहायला देआक नव्हते.

सकाळी नऊ

पाहुणे पांगतात, जवळचे दोघं-तिघं उरतात. बहुधा त्यांत ऑन्तॉल चेंगेरी असतात. लिहिण्याचं, तपासण्याचं, खोडायचं काम त्यांच्यासोबत चालतं. टेबलावर मसुदा.

देआकांचा सगळा खटला एका जुन्या दस्तावर उभा आहे. १७२३ मध्ये हंगेरीच्या संसदेने हाब्सबुर्ग राजघराण्याच्या मुलींनाही गादीवर हक्क मान्य केला. हे ‘प्राग्माटिक सँक्शन’. व्हिएन्नाच्या कायदेपंडितांच्या मते हंगेरी त्या दिवसापासून साम्राज्याचा एक प्रांत झाली, आणि १८४९ च्या बंडानंतर तर तिचे उरलेसुरले हक्कही जप्त झाले. देआकांचं म्हणणं वेगळं. हा दोन पक्षांमधला करार आहे. आम्ही काय दिलं ते त्यात लिहिलं आहे : राजा एकच असेल आणि बाहेरच्या हल्ल्यापासून एकमेकांचं रक्षण करायचं. बदल्यात काय घेतलं तेही लिहिलं आहे : आमचे कायदे, आमची संसद, आमचा कारभार. एका पक्षाने करार मोडला म्हणून दुसऱ्याचे हक्क बुडत नाहीत.

१८६३ मध्ये व्हिएन्नाचे प्राध्यापक वेंत्सेल लुस्टकांड्ल यांनी उलट बाजू मांडणारा जाडजूड ग्रंथ लिहिला. देआकांनी १८६५ मध्ये त्याला मुद्देसूद उत्तर लिहिलं, जुन्या कायद्यांचे दाखले देत. भाषणांत टाळ्यांचा मोह ज्यांना आवरता येत नाही अशा पुढाऱ्यांच्या काळात हे वेगळंच होतं. स्वातंत्र्याची मागणी तळटिपांसह.

त्याच वर्षी, १६ एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी ‘पेश्ती नाप्लो’ या दैनिकात एक निनावी लेख आला. झिग्मोंद केमेनी संपादक. लेखाखाली सही नव्हती तरी लिहिणारा कोण हे चार दिवसांत सगळ्यांना कळलं. साम्राज्याची सुरक्षा आणि हंगेरीची घटना या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. आपले कायदे त्या सुरक्षेशी जुळते करून घ्यायला आम्ही नेहमीच तयार आहोत, असा त्याचा आशय. आधी काही महिने व्हिएन्नाहून गुपचूप माणसं येऊन त्यांना भेटून गेली होती. राजाने हात पुढे केल्याची खात्री झाल्यावरच देआकांनी आपला कागद बाहेर काढला. वकील तडजोडीचा प्रस्ताव कधी लेखी देतो, हे ज्याला माहीत आहे त्याला यात नवल वाटणार नाही.

साडेनऊ

हॉटेलापासून प्रतिनिधिगृहापर्यंत चालत पंधरा-वीस मिनिटं. अंगात काळा साधा कोट. वाटेत लोक टोप्या काढतात. राष्ट्रीय संग्रहालयाजवळून गेल्या उन्हाळ्यापासून घोड्यांची ट्राम धावते; शहर वाढतंय.

संग्रहालयाच्या शेजारच्या रस्त्यावर नवं सभागृह आहे. वास्तुकार मिक्लोश इब्ल यांनी ते काही महिन्यांत उभं केलं, कारण १८६५ मध्ये संसद भरली तेव्हा देशाकडे प्रतिनिधिगृहासाठी स्वतःची इमारतच नव्हती. त्याआधी, १८६१ मध्ये, खालचं सभागृह संग्रहालयाच्याच दालनात भरलं होतं.

त्या १८६१ ची आठवण या रस्त्यावर चुकवता येत नाही. सम्राट फ्रान्त्स योझेफ यांनी नवी साम्राज्य संसद जाहीर केली : ३४३ सदस्य, त्यांपैकी ८५ हंगेरीचे. हंगेरीने एकही पाठवायचा नाही, यावर पेश्तमध्ये कोणाचंच दुमत नव्हतं. भांडण झालं ते नकार कसा कळवायचा यावर. एक गट म्हणे, राज्याभिषेक न झालेल्या माणसाला आम्ही राजा मानत नाही, तेव्हा त्याला पत्र कसलं? नुसता ठराव करा. देआक म्हणाले, पत्र पाठवा. ठराव म्हणजे बोलणी संपली. पत्र म्हणजे तंटा अजून चालू आहे. विरोधी गटाचे नेते लास्लो तेलेकी यांनी चर्चेच्या तोंडावर, ८ मे रोजी, आत्महत्या केली. १३ मेला देआक बोलले. ५ जूनला मतदान झालं : १५५ विरुद्ध १५२. तीन मतांनी पत्र गेलं.

ऑगस्टमध्ये सम्राटाने संसद बरखास्त केली. निघताना देआकांनी मांडलेल्या उत्तरातला विचार हंगेरीत शाळकरी पोरांनाही माहीत असतो. मराठी कचेरीच्या भाषेत सांगायचं तर : जबरीने नेलेलं काळ फिरला की परत मिळतं, पण भिऊन आपणच हक्कसोडपत्रावर सही केली, तर ते परत मिळण्याचा भरवसा नाही. पुढची चार वर्षं सैनिक कर वसूल करत राहिले, अधिकारी वरून येत राहिले, आणि हंगेरीच्या प्रतिष्ठित माणसांनी त्यांच्याशी सहकार्य करायचं टाळलं. देआकांनी हे आधीच करून दाखवलं होतं. १८५० मध्ये व्हिएन्नाचे न्यायमंत्री आन्टोन फॉन श्मेर्लिंग यांनी त्यांना खाजगी कायद्याच्या सल्लामसलतीला बोलावलं, तेव्हा झाल्या घटनांनंतर आणि चालू परिस्थितीत सार्वजनिक कामात भाग घेता येत नाही, एवढंच नम्र उत्तर गेलं होतं.

सकाळी दहा

सभापती कारोय सेन्तिवान्यी घंटा वाजवतात. चारशेच्या आसपास सदस्य, वरच्या सज्ज्यात माणसांची दाटी. समोरच्या बाकांवर काल्मान तिसा आणि काल्मान गित्सी यांचा डावा मध्यगट. त्यांत कादंबरीकार मोर योकायही आहेत. त्यांचा आक्षेप साधा आणि टोकदार : परराष्ट्रव्यवहार आणि सैन्य सामाईक झालं, तर स्वतंत्र हंगेरी उरलीच कुठे?

देआक लिहून आणलेलं वाचत नाहीत. आवाज चढत नाही. आधी प्रतिपक्षाचा मुद्दा त्याच्यापेक्षा नीट मांडायचा, मग त्याचे दोन तुकडे करायचे. कोणत्या सालच्या कोणत्या कलमात काय म्हटलं आहे ते तोंडपाठ. उपमा नाहीत, शपथा नाहीत. सज्ज्यात करमणुकीला आलेल्यांची निराशा होत असावी.

मसुद्यातला एक भाग अगदी जवळून पाहण्यासारखा आहे, कारण तिथे देआक नावाचा वकील उघडा सापडतो.

परराष्ट्रव्यवहार, संरक्षण आणि या दोहोंपुरता पैसा एवढ्या तीन गोष्टी दोन्ही देशांच्या सामाईक. त्यांचा खर्च मंजूर कोणी करायचा? सोपं उत्तर म्हणजे दोघांची मिळून एक संसद. पण तीच तर हंगेरीने १८६१ मध्ये नाकारलेली. म्हणून प्रत्येक देशाच्या संसदेने आपले साठ सदस्य निवडायचे. ही दोन शिष्टमंडळं एका वर्षी व्हिएन्नाला, दुसऱ्या वर्षी पेश्तला भरतील, पण एका खोलीत बसणार नाहीत. दोघांची बैठक वेगळी, अध्यक्ष वेगळा. एकमेकांशी बोलायचं ते फक्त लेखी, आपापल्या भाषेत, सोबत भाषांतर जोडून. तीनदा कागद इकडून तिकडे जाऊनही जमलं नाही, तर मात्र सगळे एकत्र येतील. पण तिथे भाषण नाही, चर्चा नाही, फक्त मतांची मोजणी.

हा अजब वळसा कशासाठी? एकत्र चर्चा सुरू झाली की एकत्र सभापती लागतो, एकत्र नियम लागतात, पक्ष तयार होतात, आणि दहा वर्षांत तिची साम्राज्य संसद होऊन बसते. देआकांनी तिचं बीज रुजायलाच जागा ठेवली नाही. त्यात आणखी एक अट : हंगेरी बोलणी करेल ती सम्राटाच्या राज्याच्या दुसऱ्या भागातल्या, घटनेनुसार चालणाऱ्या कारभाराशीच. म्हणजे हंगेरीच्या कायद्याने ऑस्ट्रियातही संसदेची हमी मागितली.

खर्चाचा वाटा आणि जकातीची एकी मात्र कायमची नाही. दर दहा वर्षांनी नव्याने ठरवायची. पहिल्या खेपेला हंगेरीच्या वाट्याला ३० टक्के आले, ऑस्ट्रियाच्या ७०.

२० मार्चला नावं पुकारून मतदान होतं : बाजूने २५७, विरोधात ११७. मसुदा तत्त्वतः मान्य. कलमावर कलम घासत शेवटचं मतदान २९ मे रोजी होईल, २०९ विरुद्ध ८९.

दुपारी दोन

जेवण हॉटेलातच, चार माणसांत. गप्पा, किस्से आणि पुन्हा सिगार. टेबलाशी बसलेल्यांपैकी काही आता मंत्री आहेत. यजमान नाहीत.

आन्द्राशींचं मंत्रिमंडळ बनताना पहिली जागा देआकांची, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं. त्यांनी ती घेतली नाही आणि आन्द्राशींचं नाव पुढे केलं. ८ जूनला फ्रान्त्स योझेफ यांना राज्याभिषेक होणार आहे. रीतीप्रमाणे प्रधान धर्मगुरूसोबत पालाटिन हा राज्याधिकारी मुकुट ठेवतो. ते पद रिकामं. सभागृहाला वाटतं, देआकांनी ते काम करावं. तेही त्यांनी नाकारलं. मुकुट ठेवतील आन्द्राशी. हेच आन्द्राशी १८४९ नंतर परदेशात असताना, याच राजाच्या राज्यात, फाशीच्या शिक्षेला पात्र ठरलेले होते. समारंभाच्या दिवशी मानपान, पदकं, भेटी यांपैकी देआक काही घेणार नाहीत.

याला नुसता विरक्तपणा म्हणणं भाबडेपणाचं होईल. यातही हिशेब आहे. मंत्र्याला आपल्या खात्याची बाजू मांडावी लागते, राजाला उत्तरं द्यावी लागतात. पक्षाबाहेरची माणसं त्याच्याकडे संशयाने बघतात. बिनपदाच्या माणसाचं ऐकायला कोणाची मान खाली जात नाही. १८४३ मध्येही त्यांनी असंच केलं होतं. झॉलॉतली निवडणूक दंगाधोपा होऊन, रक्त सांडून पार पडली. प्रतिनिधीपद हातात आलं होतं. देआकांनी ते स्वीकारलं नाही.

जेवताना गेल्या जुलैचा विषय निघणारच. जून १८६६ अखेर पंधरा जणांच्या उपसमितीने तडजोडीचा मसुदा पुरा केला. आठवडाभरात, ३ जुलैला, कोनिगग्रेट्सच्या रणांगणावर प्रशियाने ऑस्ट्रियाचा धुव्वा उडवला. सम्राटाने देआकांना व्हिएन्नाला बोलावलं. समोरचा पक्ष गुडघ्यावर आलेला. आता भाव वाढवायचा की नाही? देआकांनी सांगितलं, की हंगेरीची मागणी पराभवाआधी होती तेवढीच आहे. जास्त नाही, कमीही नाही. अनेकांना हा उदारपणा वाटला. पण अडचणीत सापडलेल्याकडून लिहून घेतलेला कागद त्याचा काळ फिरताच फाडला जातो, हे चाळीसहून अधिक वर्षं दस्त वाचणाऱ्याला कोणी शिकवायला नको.

दुपारी चार

पाय मोकळे करायला वारोशलिगेत, शहराबाहेरचं मोठं उद्यान. इथेही माणसं गाठतात. चालता चालता बोलणी होतात, चार भिंतींपेक्षा बरी. मार्चमध्ये झाडं अजून उघडीच.

संध्याकाळी सहा

पक्षाच्या मंडळींची बैठक. उद्या कोण बोलणार, कोणत्या दुरुस्तीला हो म्हणायचं, कोणत्या सदस्याचं मन कुठे डळमळतंय. हा गट ‘देआक पक्ष’ याच नावाने ओळखला जातो. पक्षाला माणसाचं नाव असलं की दुखणी बरीच. सगळे वाद शेवटी त्याच्यापाशी येतात. शिक्षणमंत्री बॅरन योझेफ एतवेश यांच्यासारखा विचारवंत, मेन्येर्त लोन्यॉईसारखा आकड्यांचा पक्का अर्थमंत्री, मोठे सरदार, गावाकडचे जमीनदार, सगळे इथे. त्यांना बांधून ठेवणारा धागा विचारांचा कमी आणि ‘म्हातारेबुवांचं म्हणणं काय’ याचा जास्त. देआक थकले तसा हा धागाही विरला. १८७५ मध्ये हा पक्ष तिसांच्या गटात विलीन झाला. ज्यांनी १८६७ ला विरोध केला तेच तिसा पुढे पंधरा वर्षं पंतप्रधान राहिले.

रात्री आठ

खोलीत परत. काही दिवशी हातात चाकू आणि लाकडाचा तुकडा असतो. कोरीवकाम हा त्यांचा जुना छंद, केहिदापासूनचा. समोर मसुदा असो की पाहुणा, हात कामात असतात. छिलके जमिनीवर पडतात आणि बोलणं चालू राहतं. उभी रेघ घाईने गेली की लाकूड चिरतं, हे त्यांना ठाऊक. खाडाखोड कागदावर चालते, लाकडावर नाही.

पत्रांचा गठ्ठा. या वसंतात एक पत्र अजून यायचं आहे. २२ मे रोजी लायोश कोशुत परदेशातून उघडं पत्र लिहितील आणि पेश्तच्या वर्तमानपत्रात ते छापून येईल. दोघांची ओळख जुनी. राजद्रोहाच्या आरोपाखाली कोशुत तुरुंगात होते तेव्हा १८४० मध्ये त्यांच्या सुटकेसाठी देआकांनी संसदेत राजाशी बोलणी करायची खटपट केली होती. १८४८ च्या लायोश बत्त्यानी मंत्रिमंडळात कोशुत अर्थमंत्री, देआक न्यायमंत्री. मग वाटा फुटल्या. त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी शांततेची बोलणी करायला ऑस्ट्रियाचे सेनापती प्रिन्स विंडिशग्रेट्स यांच्याकडे पाठवायचं ठरलेल्या शिष्टमंडळात देआक होते. बंडखोरांशी बोलत नाही, हे उत्तर ऐकून ते गावी गेले. कोशुत लढले आणि परागंदा झाले. पंतप्रधान बत्त्यानींना ६ ऑक्टोबर १८४९ रोजी गोळ्या घातल्या गेल्या.

कोशुत पत्रात लिहितील, की स्वतंत्र सैन्य आणि स्वतंत्र परराष्ट्रनीती सोडून देऊन देआक देशाला बुडत्या साम्राज्याला बांधत आहेत. साम्राज्य बुडेल तेव्हा हंगेरीही बुडेल. देआकांचं गणित वेगळं. एका बाजूला जर्मनी एक होऊ घातलेली, दुसऱ्या बाजूला रशिया. मधल्या छोट्या देशाला मोठ्या घराच्या भिंतीचा आसरा लागतो, एकट्याने उभं राहायला अजून ताकद नाही. दोघांतलं कोण बरोबर, यावर हंगेरीत आजही वाद घालता येतो.

रात्री दहा

मेणबत्ती विझण्याआधी उद्याच्या कामांची यादी. यादीत एक विषय येऊन बसलेला आहे आणि त्यावर देआकांचं बोट अजून नीट पडलेलं नाही : हंगेरीतले स्लोवाक, रुमेनियन, सर्ब. मग्यार सोडून इतर भाषा बोलणारे.

तरुणपणी याच माणसाने भूदासांच्या बाजूने संसदेत भाषणं केली होती, १८४३ च्या फौजदारी कायद्याच्या मसुद्यात फाशी आणि फटक्यांची शिक्षा नको म्हटलं होतं. तो मसुदा मंजूर झाला नाही, पण त्याच्या काळात युरोपभर त्याचं कौतुक झालं. १८६८ मध्ये राष्ट्रगटांचा कायदा होईल आणि त्याचा गाभा देआकांच्याच मसुद्यातला असेल. गावकारभारात, शाळेत, चर्चमध्ये, खालच्या न्यायालयात आपली भाषा वापरायची मुभा मिळेल. त्या काळाच्या मानाने हे थोडं नव्हतं. पण प्रस्तावनेत म्हटलं जाईल, की देशातले सगळे नागरिक मिळून एकच अविभाज्य मग्यार राष्ट्र आहे. व्हिएन्नाने ‘एकच साम्राज्य’ म्हटलं तेव्हा देआकांनी करार दाखवला होता. स्लोवाक आणि रुमेनियन प्रतिनिधी जेव्हा आपला वेगळा हक्क मागायला उभे राहिले, तेव्हा त्यांच्याकडे दाखवायला करार नव्हता, आणि देआकांच्या कायद्याच्या चौकटीत कराराशिवाय कोणी पक्षकार ठरत नव्हता. पुढच्या सरकारांनी तर त्या कायद्यातल्या सवलतीही नावापुरत्याच ठेवल्या.

देआक २८ जानेवारी १८७६ च्या रात्री हृदयाच्या आजाराने वारले. त्यांच्या शवपेटीपाशी राणी एलिझाबेथ स्वतः आल्या. १९०४ मध्ये डब्लिनमध्ये आर्थर ग्रिफिथ यांनी हंगेरीवर पुस्तक लिहून आयरिश लोकांना सांगितलं, की लंडनच्या संसदेत जाऊ नका, देआकांसारखं घरी बसून आपले हक्क धरून ठेवा. पद्धत देशाबाहेर गेली.

तडजोड एक्कावन्न वर्षं टिकली. दर दहा वर्षांनी दोन्ही पक्ष पुन्हा टेबलाशी आले, भांडले, आकडे बदलून सह्या करून गेले. देआकांना हवं होतं तसंच. १९१८ मध्ये ती मोडली, तेव्हा युद्धात हरलेल्या साम्राज्यातून आपापला वाटा घेऊन निघून जाणारे चेक, स्लोवाक, रुमेनियन, सर्ब आणि क्रोएट होते. १८६७ च्या कागदावर त्यांची सही कोणी मागितलीच नव्हती.